लुसियाचं हसू

लुसियाला जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका दुपारी पास्कीनला ती टिळक रस्त्यावरच्या कॅफेत हसताना दिसली.

आधी ओठाचा डावा कोपरा वर गेला. मग हनुवटी किंचित आत ओढली गेली, उजवा डोळा बारीक झाला आणि सगळ्यात शेवटी ओठ विलग होऊन दात दिसले. हा क्रम पास्कीनला पाठ होता. धाकट्या बहिणीला काही खोडी सुचली की तिचा चेहरा असाच, कोपऱ्यापासून उजळत जायचा.

पण ती लुसिया नव्हती. नाक सरळ होतं, डोळे घारे होते. रंग मात्र तोच, गालाच्या हाडाखाली निळसर झाक मारणारा गर्द काळा. केसही तसेच, बारीक वळ्यावळ्यांचे. फक्त कॉफीचा कप धरलेले हात गोरे होते. काळा रंग गळ्यापाशी, टी-शर्टच्या काठाला संपला होता.

पास्कीन नकळत त्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"माफ करा," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता हसलात ना..."

मुलीनं वर बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "अगंबाई, तुम्ही पण? माझा 'आबनूस' आहे. तुम्ही कुठला घातलाय?"

"कुठला काय?"

"थर हो. कसला भारी बसलाय तुमचा. हातांपर्यंत आहे की. कानामागेसुद्धा जोड दिसत नाही." ती वाकून बघू लागली. "काढल्यावर कशा दिसता तुम्ही?"

"अशीच," पास्कीन म्हणाली.

मुलीला तो विनोद वाटला. ती पुन्हा हसली. आधी डावा कोपरा, मग हनुवटी. पास्कीन तिथून निघाली ती रस्ता ओलांडून, ती काम करायची त्या दवाखान्याच्या जिन्यात येऊन बसली.

पास्कीन सिद्दी मूळची कर्नाटकातल्या हल्याळच्या पुढे, जंगलातल्या एका वस्तीवरची. तिच्या पूर्वजांना काही शतकांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून आणलं होतं. कुणी गुलाम म्हणून, कुणी सैनिक म्हणून. त्यांतले काही पळाले आणि त्या जंगलात राहिले. पुढच्या पिढ्यांनी तिथलीच कोकणी, मराठी, कानडी उचलली. पुण्यात येऊन पास्कीनला बरीच वर्षं झाली होती, तरी रिक्षावाले तिला "कोणत्या देशाच्या?" असं विचारत आणि तिनं मराठीत उत्तर दिलं की तिच्या मराठीचं कौतुक करत. ती फिजिओथेरपिस्ट होती, त्यातही चेहऱ्याची. अर्धांगवायूनं किंवा नस सुजल्यानं ज्यांचं तोंड वाकडं झालंय, अशा माणसांना ती पुन्हा हसायला शिकवायची.

लुसिया तिच्या मागोमाग पुण्यात आली. तिला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं होतं. फोटो काढणारे म्हणत, चेहरा फार सुंदर आहे, पण ब्रँडला चालणार नाही. खोलीचंही तसंच. फोनवर तिचं मराठी ऐकून एजंट सगळं ठरवायचा आणि ती दारात उभी राहिली की खोली नुकतीच गेलेली असायची. बहिणीच्या वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये पाहुणीला राहायची सोय नव्हती. शेवटी तिला जागा मिळाली ती वाघोलीच्याही पलीकडे. तिथूनच ती स्कूटरनं यायची-जायची. एका संध्याकाळी वळणावर वाळूचा ट्रक आला आणि ती घरी पोचली नाही.

त्याच्या थोडं आधी तिला एक काम मिळालं होतं. 'रूपल' नावाच्या कंपनीनं तिला बोलावून तिच्या चेहऱ्याची मापं घेतली होती. खूप आनंदात तिनं पास्कीनला फोन केला होता. "बाय, शेवटी कुणालातरी माझा चेहरा हवाय," ती म्हणाली होती.

रूपलचा थर म्हणजे काय, हे पास्कीनला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. केसाहूनही पातळ असा तो एक पापुद्रा. त्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि अगदी बारीक वीज दिली की ते पसरतात किंवा आक्रसतात. ऑक्टोपस आपली कातडी बदलतो, तसंच. त्यामुळे गव्हाळ माणूस क्षणात काळा होतो, काळा तांबूस होतो. केसांसाठी वेगळा फेस असतो. तो केसांमधले बंध तात्पुरते सोडवून हव्या त्या वळणात पुन्हा जोडतो.

पण थराची खरी करामत रंगात नव्हती, त्याच्या खालच्या धाग्यांत होती. मेंदूतून निघणारी सातवी नस चेहऱ्यावर पंजासारखी पसरते आणि तिथले स्नायू हलवते. हसताना कुठला स्नायू आधी ओढला जातो, कुठला मागून येतो, किती जोरानं, हा क्रम प्रत्येकाचा निराळा. सहीसारखा. रूपल हा क्रम एका माणसाच्या चेहऱ्यावरून उतरवून घ्यायची आणि थरातल्या धाग्यांकरवी दुसऱ्याच्या स्नायूंना हलके झटके देऊन तो तिथे वठवायची. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'चर्या'. हीच पट्टी, रंगाशिवाय, पास्कीन तिच्या पेशंटांना लावायची. मूळ शोध त्यांच्यासाठीच लागला होता.

परदेशात आधी आफ्रिकी आणि अमेरिकी काळ्या बायकांच्या चर्या आल्या, त्यांच्या वेण्यांसकट, ओठांसकट. इथल्या मुलींनी त्या मागवल्या. मग रूपलच्या लक्षात आलं की असं रूप आपल्याकडेही आहे, जंगलात. आणि आबनूस आला.

त्या वर्षी आबनूसनं इन्स्टाग्रामपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत सगळं व्यापलं. त्यात सगळ्यात जास्त चालायचे ते 'उतरवणी'चे व्हिडिओ. मुलगी आबनूस घालून नाचायची, मागे सिद्द्यांच्या दमाम ढोलाचा ठेका असायचा, कुणीतरी वस्तीवर जाऊन रेकॉर्ड करून आणलेला. शेवटी ती कॅमेऱ्याकडे बघून हसायची, हनुवटीखाली नख घालायची आणि अख्खा चेहरा सोलून वॉशबेसिनमध्ये टाकायची. आतून गोरी मुलगी निघायची. लोक टाळ्या वाजवायचे.

पास्कीन ते व्हिडिओ बघायची. बघायचे नाहीत असं ठरवून बघायची. बोट हनुवटीपाशी पोचलं की फोन उलटा करून ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायची.

बाहेर पडणं तिला अवघड होऊ लागलं. सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवर लुसिया हसायची. बँकेच्या काउंटरवर, भाजीवाल्याशी घासाघीस करताना, खडकीच्या चर्चमध्ये पुढच्या बाकावरून मागे वळून. पास्कीन मान फिरवून चालू लागायची. आणि तरी ज्या दिवशी ती कुठेच दिसली नाही, त्या दिवशी पास्कीन घरी जायच्या आधी त्या कॅफेत जाऊन बसायची. वाट बघत.

त्याच सुमारास तिनं हॉस्टेल सोडून स्वतःची जागा शोधायला घेतली. कोथरूडच्या एका एजंटनं तिला इमारतीखाली पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, छान आहे, माझी पुतणीपण लावते. पण तेवढं काढून याल का? मालकांना खरा चेहरा बघायचा असतो."

पास्कीन दुसऱ्या दिवशी बाणेरला, रूपलच्या ऑफिसात गेली.

आबनूसचं काम बघणाऱ्या बाई सलोनी वर्टी. त्यांनी तिला आपल्या केबिनमध्ये बसवलं, पाणी मागवलं. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर थर नव्हता.

"लुसिया आम्हाला सगळ्यांना फार आवडायची," त्या म्हणाल्या, आणि ते खोटं वाटलं नाही.

"मग तिचं हसू बंद करा."

"पास्कीनताई, आबनूसमध्ये तिचा चेहरा नाहीच. नीट बघा तुम्ही. नाक, डोळे ज्याचे त्याचे असतात. आमच्याकडे आहे ती फक्त चर्या, हालचालीचा नमुना. चेहऱ्यावर माणसाचा हक्क असतो, तो कायदा आहे. हसण्याच्या क्रमाबद्दल कायद्यात काही नाही. शिवाय तिनं लिहून दिलंय."

"तुम्ही याचं काय करणार आहात, हे तिला माहीत होतं?"

सलोनी वर्टींनी थोडा विचार केला. "तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं."

"मापं घेतलीत तेव्हा ती जिवंत होती. तोच रंग, तेच केस, तेच हसू. तिलाच का नाही उभं केलंत जाहिरातीत?"

केबिनच्या काचेपलीकडे कुणीतरी ट्रेमधून कॉफी नेत होतं. सलोनी वर्टी ते बघत राहिल्या.

"लोकांना उतरवता येणारी गोष्ट हवी असते," शेवटी त्या म्हणाल्या.

पास्कीन उठली. दारापाशी थांबून तिनं सांगितलं, "एक गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या पेशंटांना मी ही पट्टी रोज थोडा वेळ लावते. काही महिन्यांनी पट्टी काढली तरी चेहरा तसाच हलतो, कारण नस शिकलेली असते. मी ते त्यासाठीच करते. तुमच्या मुली दिवसदिवस लावतात. रंग उतरेल त्यांचा. हे उतरणार नाही."

"तसं झालं तर चांगलंच आहे की," सलोनी वर्टी म्हणाल्या. "फुकट जाहिरात."

पास्कीननं यातलं थोडंसं आईला फोनवर सांगितलं. व्हिडिओ दाखवते म्हणाली. माय म्हणाली, "मला नको दाखवू. मी तिला मातीत ठेवलंय गो. तिथंच आहे ती."

फॅशनचं जे होतं ते आबनूसचंही झालं. पुढच्या हिवाळ्यात 'हिमानी' आला. फिकट कातडी, नाकावर वांगासारखे ठिपके, पांढुरके केस. रूपलनं आबनूस बाजारातून काढून घेतला. दमामचा ठेका ऐकू येईनासा झाला. रस्त्यावर पुन्हा एकटी पास्कीनच काळी उरली आणि रिक्षावाले पुन्हा तिला देश विचारू लागले.

मग एके दिवशी ती कॅफेतली मुलगी दवाखान्यात आली. गोरी, सरळ केसांची. नाव अन्विता दरेकर. व्हिडिओ बनवायची, पुष्कळ लोक तिला बघत. पास्कीननं तिला ओळखलं. अन्विता मात्र आधी आपल्याच नादात बोलत होती.

"माझं लग्न ठरलंय. मुलाकडचे चांगले आहेत, तसं काही नाही. पण साखरपुड्यात त्यांची आत्या म्हणाली, ही हसते कुणासारखी. नंतर मी फोटो बघितले. थर काढून मला कितीतरी महिने झालेत, पण..." ती हसायचा प्रयत्न न करता, ओठ घट्ट ठेवून बोलत होती. "आई माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघते. मी विचारलं तर म्हणाली, तू हसलीस की मला घरात कुणी परकं आल्यासारखं वाटतं. आणि मलाही वाटतं. सकाळी दात घासताना आरशात कुणीतरी माझ्या आधी हसतं."

"बघू," पास्कीन म्हणाली. तिनं अन्विताच्या गालावर बोटं ठेवली. "हसा."

डावा कोपरा वर गेला. इतके दिवस पास्कीननं ते फक्त पाहिलं होतं. आता ते तिच्या बोटांखाली आलं, कोमट, जिवंत. तिनं हात काढून घेतला.

"हे कुणाचं आहे, माहितीये?"

"कुणाचं म्हणजे? ते कॉम्प्युटरनं बनवलेलं असतं ना?"

"तिचं नाव लुसिया. माझी बहीण. ती वारली."

अन्विताच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग तिनं पहिल्यांदा पास्कीनकडे नीट पाहिलं. तिचे हात, कान, मान. "तुम्ही कॅफेत..." ती म्हणाली.

उपाय होता. शिकवलेलं विसरवताही येतं. आरशासमोर, बोटांनी, धीरानं. पास्कीनइतकं चांगलं ते शहरात कुणी केलं नसतं. पण तिनं त्या दिवशी काही ठरवलं नाही. अन्विता पुढच्या आठवड्यात आली, त्याच्या पुढच्याही. पास्कीन मालिश करायची, डोळे मिटून घ्यायला सांगायची आणि मुख्य काम पुढे ढकलायची. ते आपल्याच्यानं होणार नाही, हे तिला कळत होतं. आणि न करता या मुलीला असंच परत पाठवणंही बरोबर नाही, हेही कळत होतं.

शेवटी ती म्हणाली, "माझ्या आईकडे याल का एकदा? मग करू." पेशंटला असं काही सांगायचा तिला अधिकार नव्हता. पण अन्विता लगेच हो म्हणाली.

त्या मध्यरात्रीच अन्विताच्या गाडीनं निघाल्या. बेळगाव, खानापूर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना झाडी दाट झाली. वस्तीवर पोचल्या तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. माय अंगणात चटईवर शिकेकाईच्या शेंगा निवडत बसली होती. जंगलातून गोळा केलेल्या, वाळलेल्या, बाजारात न्यायच्या. चार घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. सगळी पास्कीनसारखी, लुसियासारखी. अन्विताची मान खाली गेली. एवढ्या जणांत आपण एकटीच वेगळी दिसतोय, हे बहुतेक तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

अन्विताबद्दल पास्कीननं आईला आधी काहीच सांगितलं नव्हतं, माझ्याबरोबर एकजण येतेय, एवढंच.

"जेवून निघालात का?" मायनं विचारलं. "बस. उन्हात नको."

अन्विता ओठ मिटून बसली. मायनं तिला पाणी दिलं, चहा दिला, घरी कोण कोण आहे ते विचारलं. ती हं-हं करत राहिली. एवढ्यात कुठूनशी एक कोंबडी चटईवर चढली, पाय घसरून शेंगांच्या ढिगात फतकल मारून बसली आणि उठायचं नाव घेईना. अन्विताला हसू आवरलं नाही.

मायचे हात थांबले.

अन्वितानं झटकन तोंडावर हात धरला. माय उठली, तिच्याजवळ गेली आणि तो हात बाजूला केला. दोन्ही तळव्यांत तिनं त्या मुलीचा चेहरा धरला. अंगठा बरोबर डाव्या कोपऱ्यावर टेकवला. अन्विताला रडू फुटलं, पण स्नायू आता कुठलाही ताण आला की तेच करत होते. ती रडत होती आणि कोपरा पुन्हा पुन्हा वर जात होता. मायच्या अंगठ्याखाली लुसिया हसत होती, थांबत होती, हसत होती.

"सॉरी," अन्विता म्हणत राहिली. "मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं."

माय तिच्याकडे बघतच होती. दारातली माणसं एकेक करून आत गेली. मग मायनं पदरानं त्या मुलीचे गाल पुसले.

"दमलंय गो हे तोंड," ती म्हणाली. आणि मान न वळवता पास्कीनला म्हणाली, "सोडव तिला."

"कुणाला, माय?"

माय जाऊन चटईवर बसली. कोंबडीला हाकलून तिनं पुन्हा शेंगा निवडायला घेतल्या.

परतताना खानापूरच्या पुढे अन्विता म्हणाली, "तुमच्या आईनं माझ्यासाठी सांगितलं ना, सोडव म्हणून?"

त्या आठवड्यात उपचार सुरू झाले. अन्विता आरशासमोर बसायची. पास्कीन तिच्यामागे उभी राहून डाव्या कोपऱ्यावर एक बोट ठेवायची आणि तो उठू लागला की हलकेच दाबून धरायची. उजव्या बाजूला आधी निघू द्यायची. अन्वितानं स्वतःचे लहानपणचे व्हिडिओ आणले होते, वाढदिवसांचे, सहलींचे. त्यावरून तिचं मूळ हसू कसं होतं, ते शोधावं लागलं. बोटाखालचा तो ओढा सुरुवातीला हट्टी होता. पास्कीन मनातल्या मनात त्याच्याशी बोलायची. थांब. थांब जरा. आता नाही. लहानपणी चर्चमध्ये पाद्री बोलत असताना शेजारी बसलेल्या बहिणीच्या मांडीवर हात ठेवून सांगायची, तसंच. घरी जाऊन ती जेवायची नाही.

हळूहळू तो ओढा कमी झाला. आधी डोळा बारीक व्हायचा थांबला, मग हनुवटी. कोपरा सगळ्यात शेवटपर्यंत राहिला, कधी असायचा, कधी नसायचा. एका सकाळी पास्कीननं बोट ठेवलं आणि खाली काहीच आलं नाही. तिनं पुन्हा हसायला सांगितलं. मग आणखी एकदा, आणि मग तिनं बोट काढलं.

आरशात अन्विता हसत होती. दोन्ही ओठ एकदमच ताणले जात होते, थोडेसे बुजरे, वरच्या हिरड्या दाखवणारे. लहानपणच्या व्हिडिओंतल्यासारखे.

"गेलं?" तिनं विचारलं.

"गेलं."

अन्विता उठून तिच्या गळ्यात पडली. पास्कीननं तिच्या पाठीवर हात ठेवला. पुण्यात एवढा वेळ कुणी तिला असं धरलं नव्हतं, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

लग्नाआधी अन्वितानं एक व्हिडिओ टाकला. त्यात नाच नव्हता, थर नव्हता. आपण घातलेलं हसू कुणाचं होतं, ते तिनं नाव घेऊन सांगितलं. लुसिया सिद्दी. ती कुठली, तिला जागा का मिळाली नाही, तिच्या आईला आपण कशा भेटलो, ते सगळं. शेवटी तिनं आपण कुठे बरे झालो, तेही सांगितलं. तो व्हिडिओ फार लोकांनी पाहिला. नाव त्यांच्या लक्षात राहिलं नाही. दवाखान्याचा पत्ता राहिला.

सोमवारी पास्कीन कामावर आली तेव्हा जिन्यापर्यंत रांग होती. कॉलेजच्या मुली होत्या, एक बँकेतली बाई होती, एक बाळंतीण होती बाळाला घेऊन. बाळ आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं आणि त्याच्या इवल्याशा ओठांचा डावा कोपरा आत्ताच वर जायला शिकत होता.

पास्कीननं दार उघडलं. बाकावरच्या सगळ्या जणींनी वर पाहिलं आणि डॉक्टरीणबाई दिसल्यावर करतात तसं सौजन्यानं, एकदमच हसल्या.

तिनं त्या सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. घाई केली नाही.

"पहिल्या कोण आहेत," ती म्हणाली, "या आत."